दुप्पट काळी भिंत

"माझा डावा पाय कुठे आहे, कुणी सांगेल का?" भोपळा कुरकुरला. "मघाशी डब्यांमागे ठेवला होता. आता सापडत नाहीये!"

"उजवा आहे ना? मग रडतोस कशाला!" चिमटी म्हणाली. तिचीही हनुवटी गुडघ्याला टेकली होती. जीपमध्ये रंगाचे चौदा डबे होते आणि उरलेल्या जागेत माणसं.

सुट्टी लागली की प्रार्थना मंडळाची सेवायात्रा डोंगरावरच्या वस्तीवर जायची. प्रार्थना करायची, शाळेची भिंत रंगवायची आणि संध्याकाळच्या आत खाली उतरायचं. बरोबर दरवर्षी डॉक्टरकाकू असायच्या. यंदा मात्र त्यांच्या जागेवर डबे बसले होते. झालं होतं असं, की चिमटी आणि भोपळ्याचे मोठेकाका, म्हणजे मंडळाचे प्रमुख, आठ दिवसांपूर्वी पाहणीला गेले आणि भिंत बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "भिंत आहे की चुलीचं तोंड! दुप्पट रंग लागेल!" गाडी तेवढीच, जागा तेवढीच. डॉक्टरकाकूंना 'पुढच्या वेळी नक्की' असं सांगून टाकलं.

"वस्तीला कळवलंत?" चिमटीने निघतानाच विचारलं होतं.

"तिथे गेल्यावर सांगू गं. चांगल्या कामाआधी वाकडं कशाला बोलायचं?"

जीप शाळेपाशी थांबली. झाडाखाली पहाटेपासून रांग लागली होती. कुणाचा पाय फडक्यात गुंडाळलेला, कुणाच्या बाळाचे डोळे चिकटलेले. वस्तीतले आजोबा हात जोडून पुढे आले. त्यांनी जीपमध्ये पाहिलं, मग जीपच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई?"

"येतील, येतील! मागून!" मोठेकाका म्हणाले आणि त्यांनी घाईने ब्रश उचलला. मंडळातल्या बाकीच्या मोठ्या माणसांनाही त्याच क्षणी भलतीच कामं सुचली. कुणी शिडीला तेल द्यायला धावलं. शिडी लाकडाची होती!

मुलांच्या हातात भिंत खरवडायला पत्र्याच्या पट्ट्या आल्या. चिमटीने दोनदा पट्टी ओढली आणि ती थबकली.

"ए भोपळ्या, बघ! खाली गेल्या वर्षीचा निळा रंग जसाच्या तसा आहे. एक पोपडा उडालेला नाही!"

"आणि ही बोटं बघ! चार. भूत असेल!"

"भुताला अंगठा नसतो?"

"त्याला कुठे अंगठा उठवायचा असतो?" भोपळ्याने बोट नाकाशी नेलं. "शी! काजळी. चिखलात कालवलेली."

चिमटीने हात उंच केला. काळे डाग बरोबर तिच्या बोटांच्या टोकाशी संपत होते. "हे आपल्याएवढ्या कुणीतरी केलंय. मुद्दाम!"

दगडांवर काळे ठिपके सांडले होते. त्यांचा माग काढत दोघं शेवटच्या झोपडीपाशी पोचली. दारात त्यांच्याच वयाची एक मुलगी राखेने हात घासत होती. नखं अजून काळी होती.

"सापडली! भिंत तूच काळी केलीस ना?" भोपळा ओरडला.

मुलगी उठून दार अडवून उभी राहिली. पण आतलं दिसायचं ते दिसलंच. चटईवर तिची आई पडली होती. लाकडात अडकलेली करवत ओढावी, तसा तिचा एकेक श्वास येत होता.

"ओरडू नका," मुलगी म्हणाली. "सगळेच करतात. दरवर्षी एका घराची पाळी असते. यंदा आमची होती."

"पण कशासाठी?"

"भिंत चांगली दिसली तर तुम्ही कशाला याल? पलीकडच्या वस्तीने शाळा स्वच्छ ठेवली. तिकडे मंडळ परत फिरकलं नाही. तुम्ही नाही, तर डॉक्टर नाही." तिने आत पाहिलं. "यंदा आईचं दुखणं वाढलं. म्हणून मी दुप्पट काजळी लावली. पाहणीच्या आधीपासून, रोज थोडी थोडी. म्हटलं, काम जास्त दिसलं तर डॉक्टर जास्त वेळ थांबतील."

भोपळ्याने हातातली पत्र्याची पट्टी पाठीमागे लपवली. जन्मात पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही.

डॉक्टरकाकू तर येणारच नव्हत्या. हे हिला कसं सांगायचं?

"कधी येतील गं डॉक्टर?" मुलीने चिमटीला विचारलं.

"आपण आईलाच खाली नेऊ," चिमटी कशीबशी म्हणाली. "जीपने. लवकर होईल."

दोघं धापा टाकत ड्रायव्हरदादाकडे गेली.

"दादा, मोठेकाकांनी सगळे डबे उतरवायला सांगितलेत! आत्ताच्या आत्ता!"

"अर्धे गाडीत राहू दे म्हणाले होते ना?"

"मन बदललं त्यांचं! माणसाचं बदलत नाही का?" भोपळा म्हणाला आणि सापडलेल्या दोन्ही पायांवर घट्ट उभा राहिला.

डबे उतरले. ड्रायव्हरदादा, ती मुलगी आणि ही दोघं अशा चौघांनी चटईसकट आईला उचलून आणलं. ती इतकी हलकी होती, की चटईत आहे ना, हे भोपळ्याने वाकून पाहिलं.

"काय चाललंय हे?" मोठेकाका ब्रश घेऊन धावत आले. मागोमाग सगळी वस्ती आली.

चिमटीने भिंतीची हकिकत घडाघडा सांगितली. वाटलं, आता तरी काका विरघळतील. काका हसले!

"शाब्बास! आमच्या मंडळात हेर तयार झाले म्हणायचे!" त्यांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "आजोबा, आम्ही रागावलो नाही हं. यापुढे भिंत कशीही असो, आम्ही येणार!"

आजोबांची मान खाली गेली होती. मुलगी काळी नखं मुठीत लपवत होती. टाळ्या थांबेचनात. शाबासकी इतकी लाजिरवाणी असते, हे चिमटीला ठाऊक नव्हतं.

"पण आजारी बाईला असं वळणावळणांवरून हलवू नये," काका म्हणाले. सगळे ऐकत होते आणि सकाळी बोललेला शब्द काकांना गिळवत नव्हता. "तिला पडू दे घरात. डॉक्टर... येतीलच."

"खरंय," आजोबा म्हणाले. "डॉक्टरीणबाई येताहेत, मग हाल कशाला? उतरवा तिला."

मुलीने लगेच चटईचं टोक धरलं. तिचा चेहरा उजळला होता. रांगेतले सगळे पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. पांढराफटक, रिकामा रस्ता.

चिमटीने काकांकडे पाहिलं. काका ब्रशाकडे बघत होते. शिडीवाले शिडीकडे. भोपळा रडत होता.

तिने चटईचं दुसरं टोक दाबून धरलं.

"डॉक्टरकाकू येणार नाहीत," ती म्हणाली. "मागूनसुद्धा नाही. भिंत फार काळी दिसली, म्हणून त्यांच्या जागेवर आम्ही रंग आणला."