जाळाचा वाटा

शंभर आंब्यांच्या पेटीत एकशेदोन आंबे बसवायचे आहेत. कसे बसवाल? चेपून बसवलेत तर आमरस होईल, आणि आमरसाला कोणी आंबे म्हणत नाही.

पद्मलला हे कोडं बाराव्या वर्षी पडलं. कोडं आंब्यांचं असतं तर तिनं जास्तीचे दोन खाऊन ते दोन मिनिटांत सोडवलं असतं. पण ते धातूंचं होतं, आणि सुटलं नाही तर तिच्या आज्जाची भट्टी विझणार होती.

गोष्ट २०७१ सालची. रुपेवाडी हे कोल्हापूरकडचं चांदीकामाचं गाव. एके काळी तिथे चाळीस भट्ट्या होत्या. गावावरून उडणारे बगळे संध्याकाळी काळे होऊन घरी जात आणि त्यांची पिल्लं त्यांना ओळखत नसत, असं सांगतात. पुढे दागिने यंत्रं घडवू लागली आणि भट्ट्या एकेक करून निजल्या. उरली एकच, पद्मलच्या आज्जाची. आज्जाचं नाव देवगोंडा. त्याचा हात झाळ बनवण्यात बसलेला. (झाळ म्हणजे दोन धातूंचे तुकडे जोडायला त्यांच्यामध्ये वितळवून घालायचा तिसरा धातू. तुकडे वितळण्याआधी तो वितळतो, फटीत शिरतो आणि थंड झाला की दोघांना घट्ट धरून ठेवतो.) एकदा म्हणे त्यानं एका डासाचा मोडलेला पाय झाळून दिला होता. डास बरा झाला आणि पहिल्यांदा आज्जालाच चावला. गावाला यात नवल वाटलं ते फक्त डासाच्या कृतघ्नपणाचं.

तर या आज्जानं एक नवी झाळ शोधली होती. मालवणजवळ समुद्राच्या तळाशी माणसांची एक वस्ती झाली होती, तळवस्ती. तिथे वरून नळ्यांनी हवा जाई, आणि खारं पाणी त्या नळ्यांचे सांधे खाऊन टाकी. आज्जाच्या झाळीनं जोडलेला नमुना तीन वर्षं पाण्यात राहिला आणि त्याला खरचटलंही नाही. तळवस्तीनं कळवलं, "तुम्हाला पेटंट मिळालं तर झाळ तुमच्याकडूनच घेऊ. नाही मिळालं तर आमच्या झाकणबंद, आपोआप चालणाऱ्या भट्टीत आम्हीच बनवू." (पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला वीस वर्षांसाठी मिळणारा हक्क. तेवढा काळ दुसऱ्या कोणी ती वस्तू त्याला न विचारता बनवायची नाही. बदल्यात त्यानं आपली कृती जगाला उघड सांगायची.)

दोन वर्षांपूर्वी तो अर्ज पद्मलनंच टंकला होता. आज्जा भट्टीपुढे बसून सांगत होता, "चांदी साठ भाग. तांबं पंचवीस. जस्त सतरा. शंभर भागांची झाळ."

पद्मलची बोटं थांबली. "आज्जा, हे तर एकशेदोन होतात!"

आज्जानं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला टाकणखाराचा (झाळताना धातू स्वच्छ राहावा म्हणून घालायच्या क्षाराचा) वास होता. "आगं, जाळासमोर बोलायचं न्हाई! लिही गुमान."

पद्मलनं लिहिलं गुमान. तिला ठाऊकच होतं. रुपेवाडीत पाळण्यातलं पोरही जाणतं की मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) जस्त घालताना दोन भाग जास्त घालायचे. तो जाळाचा वाटा. आणि तो कधी बोलून दाखवायचा नाही. बोललं की जाळाला हाव सुटते आणि तो जास्त खातो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट कोणी कुठेच लिहिली नव्हती.

आणि आज शेवटच्या सुनावणीला पेटंट कचेरीचा परीक्षक दारात उभा होता. तो यंत्रमानव होता (माणसासारखी कामं करणारं यंत्र). दिसायला चाकांवरच्या हार्मोनियमसारखा. त्यानं अकरा लाख अर्ज वाचले होते आणि वाचताना एकदाही जांभई दिली नव्हती, कारण त्याला तोंड नव्हतं. आवाज पोटातून यायचा.

"श्री. देवगोंडा, आपल्या दाव्यातल्या भागांची बेरीज एकशेदोन होते," तो म्हणाला. "शंभरात एकशेदोन बसत नाहीत."

"दोन जाळाचे," आज्जा इतक्या हळू पुटपुटला की भट्टीला ऐकू जाऊ नये.

"हे अर्जात कुठे लिहिलं आहे?"

"लिहायचं कशाला? समद्यास्नी ठावं हाय!"

"मला ठाऊक नव्हतं."

"तू कुठं रुपेवाडीचा!"

"जग रुपेवाडीचं नाही, श्री. देवगोंडा," परीक्षक म्हणाला. ते त्यानं इतक्या आदबीनं म्हटलं की आज्जाला धड रागावताही येईना.

पद्मल पुढे झाली. "पण शोध तर खरा आहे ना? मग दोन भागांसाठी एवढं काय अडलंय?"

"तुमच्याकडे शेताला बांध असतो का?"

"असतो. बांधावरून माझ्या दोन मामांचं तोंड बघणं बंद आहे."

"उत्तम. पेटंटातला दावा (नेमकं काय आपलं आहे ते सांगणारं वाक्य) म्हणजे बांध. बांधाच्या आत मालकाचं राज्य, बाहेर सगळ्यांचं. आता समजा, कोणी पंधरा भाग जस्ताची झाळ बनवली. तो तुमच्या बांधाच्या आत की बाहेर? सतरावाला? त्यांना वाचून कळलं पाहिजे. कळलं नाही, तर भिऊन कोणी जवळ फिरकणार नाही, किंवा सगळे खुशाल पीक तुडवतील."

"तयार झाळीत पंधराच असतंय!" आज्जा उसळून म्हणाला. "दोन जळून जात्यात. करूनच दावतो."

आणि त्यानं भट्टी फुलवली. पद्मल भात्याला बसली. आज्जानं एकशेदोन ग्रॅम धातू तोलून मुशीत टाकला. आधी तांबं आणि चांदी वितळली, मग जस्त पडलं, आणि मुशीतून पांढरा धूर उठून पांढऱ्या जास्वंदीसारखा छताला लागला. परीक्षक म्हणाला, "जस्त नऊशे अंशांच्या जरा वर उकळतं. चांदीतांब्याचा रस तेवढा तापलेला असला की काही जस्ताची वाफ होते, ती हवेतल्या प्राणवायूला भेटते आणि पांढरी भुकटी बनते. आपला जाळ खादाड नाही. जस्तच पळपुटं आहे."

झाळ थंड झाली. तोलली. बरोबर शंभर ग्रॅम.

"बघ!" आज्जा ओरडला. पद्मलनं टाळी वाजवली.

"आता तू कर," परीक्षक पद्मलला म्हणाला.

पद्मलनं केली. उत्साहात तिनं भाता जरा जास्तच हाणला. तोलली तर नव्व्याण्णव ग्रॅम.

"आता मी." परीक्षकानं आपल्या कुशीतून एक बारीक हात काढला, मुशीवर झाकण ठेवलं, आच मोजून दिली. धूर निघाला तो एका विडीइतकाच. तोलली. एकशे एक ग्रॅम आणि वर सहा दशांश.

तीन जण, एकच कृती, तीन झाळी.

पद्मलच्या मनात ते हळूहळू उलगडलं. जाळाचा वाटा दोन नव्हताच कधी. तो आज्जाच्या हाताचा दोन होता. मुशीत काय घातलं ते सांगून भागत नाही. बाहेर काय आलं ते सांगायला हवं. आणि ते एकाच आकड्यात नाही, कुठपासून कुठपर्यंत ते.

"आज्जा," ती म्हणाली, "तुझ्या टिकलेल्या झाळींत जस्त चौदा ते सोळाच असतं. आपण असं लिहायला हवं होतं. 'तयार झाळीच्या शंभर भाग वजनात जस्त चौदा ते सोळा भाग, तांबं पंचवीस, बाकी चांदी.' मग बेरीज कधी चुकत नाही. कोणीही, कुठेही, आपली झाळ तपासून बघेल आणि बांधाच्या आत की बाहेर ते त्याला कळेल!"

"निर्दोष दावा," परीक्षक म्हणाला.

"मग आता तसा बदलू!"

"बदलता येत नाही. पहिल्या दिवशी अर्जात जे नव्हतं, ते नंतर आत घालता येत नाही. नाहीतर लोक आज कोरा कागद देतील आणि दुसऱ्यांचे शोध बघून उद्या भरतील."

"मग नवा अर्ज करू."

"तुमचा जुना अर्ज सहा महिन्यांपूर्वी छापून सगळ्यांसाठी खुला झाला. साठ, पंचवीस, सतरा जगानं वाचलं आहे. पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं, आणि जाणकार माणूस त्यावरून सहज पोचेल ते नवं धरत नाहीत."

एक दार आज्जाच्या गप्प बसण्यानं लागलं होतं, दुसरं त्याच्या सांगण्यानं. परीक्षकाच्या पोटातून एक कागद बाहेर आला. त्यावर 'नामंजूर' असं लिहिलं होतं. हे अक्षर मात्र अगदी सुस्पष्ट होतं.

"मला वाईट वाटण्याची सोय नाही," परीक्षक म्हणाला. "असती तर वापरली असती."

आज्जा भुईवर बसला. चाळीस भट्ट्यांचं गाव त्याच्या चेहऱ्यावर एकदम म्हातारं झालं. पद्मलला रडू येत होतं. दोन वर्षांपूर्वी आपण त्याचा हात तोंडावरून बाजूला केला असता तर, एवढं एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग तिचं रडू मध्येच थांबलं.

"आज्जा, तळवस्तीवाले आता कुठला कागद वाचून झाळ बनवणार?"

"त्योच. सतराचा."

"त्यांची भट्टी झाकणाची आहे. परीक्षकांनी आत्ता झाकण ठेवलं ना, तशी. जस्त उडणारच नाही."

आज्जाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो हसला, पण ते हसणं पद्मलला आवडलं नाही. "मंग सोळाच्या वर ऱ्हाईल. आणि सोळाच्या वर गेलं की खारं पाणी त्यातलं जस्त चोखून घेतंय. मी बघितलंय. वरनं सांधा साबूत दिसतो, आतनं खारी बिस्किट हुतो. सहा म्हयन्यांत फुटतील सांधे." तो थांबला. "आणि येतील की मग पाय धरत. रुपेवाडीलाच येतील."

भट्टीत एक निखारा फुटला.

"त्या सहा महिन्यांत खाली श्वास कोण घेतंय, आज्जा?"

आज्जापाशी आता एवढंच उरलं होतं: एक न सांगितलेली गोष्ट. ती गप्प धरली तर भट्टी जगण्याची आशा होती. ती सांगितली की झाळ सगळ्या जगाची, आणि रुपेवाडीच्या भट्टीची कोणालाच गरज नाही. तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. त्याच हातांनी दोन हे बरोबर दोन होत होते.

मग तो उठला, विझू घातलेल्या भट्टीसमोर उभा राहिला, आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जाळाचा वाटा दोन! माझ्या हातानं दोन! दुसऱ्याच्या हातानं किती, ते त्यानं तोलून बघावं! तयार झाळीत जस्त सोळाच्या वर जाऊ देऊ नका! लिही, पद्मल."

पद्मलनं लिहिलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून लिहिलं. परीक्षकानं कागद घेतला. "दाव्यात हा जाणार नाही," तो म्हणाला, "पण तळवस्तीकडे आजच पोचेल. आणि अर्ज उघडणाऱ्या प्रत्येकाला हा आधी दिसेल, याची काळजी मी घेईन. अकरा लाख अर्जांत आकड्यांची सीमा इतक्या जोरानं ओरडून सांगितलेली मी पहिल्यांदा ऐकली."

तो गेल्यावर आज्जानं मुशीत शेवटचे एकशेदोन ग्रॅम टाकले. ते कोणासाठी नव्हते. त्याला फक्त बघायचं होतं. पद्मलनं या वेळी भाता जपून मारला. धूर उठला, छताला लागला, विरला. झाळ थंड झाल्यावर तिनं काट्यावर ठेवली.

शंभर.

बोलून दाखवलं तरी जाळानं एक कणही जास्त खाल्ला नव्हता. इतक्या पिढ्या उगाच घाबरल्या होत्या.

आज्जानं भट्टीतले निखारे एकेक करून बाहेर ओढले. ते काळे पडत गेले. शेवटचा विझेपर्यंत दोघं बसून राहिली.

"आज्जा," मग पद्मल म्हणाली, "बोलायचं न्हाई म्हणून आणखी काय काय ठेवलंयस?"

"लई हाय," आज्जा म्हणाला. "टाकणखार कवा टाकायचा. रसाचा रंग कसा बघायचा. मूस कुठल्या मातीची."

पद्मलनं वहीचं नवं पान काढलं, वर तारीख घातली आणि काटा जवळ ओढला.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "आणि 'थोडं' म्हणालास, तर थोडं म्हणजे किती ते इथं तोलून दाखवायचं."