बहात्तरचा भराव

करंजखिंडीच्या तोंडाशी गाडी थांबवून रस्त्याच्या अभियंता शैलजा गव्हाणेंनी बॉनेटवरच लॅपटॉप उघडला, तेव्हा ड्रोन दुसरी फेरी संपवून खाली उतरत होता. त्या नोकरीला लागल्या त्या काळी मातीकाम मोजायचं म्हणजे ठरावीक अंतरावर रस्त्याचे आडवे छेद काढायचे आणि लगतच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळाची सरासरी मधल्या अंतराने गुणायची. त्यावरून खोदाई किती, भराव किती, हे ठरायचं. आता ड्रोनवर बसणारा ‘कणवेध’ आला होता. तो जमिनीच्या आत पाहायचा, आणि मातीच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं तेही सांगायचा.

मातीतला स्फटिकाचा कण अंधारात गाडला गेला, की भोवतालच्या अतिसूक्ष्म किरणोत्साराची ऊर्जा साठवू लागतो. साठा जेवढा मोठा, तेवढी अंधारातली वर्षं जास्त. पुन्हा ऊन लागलं की साठा रिकामा. माणसाने हलवलेली माती आणि मूळची माती उकरल्यावर सारखी फुगत नाही, दाबल्यावर सारखी बसत नाही, म्हणून हे वय हिशेबाला लागायचं.

पडद्यावर डोंगर तपकिरी उमटला. खिंडीतल्या जुन्या रस्त्याखालचा भराव मात्र माशाच्या खवल्यांसारखा दिसत होता. हजारो लहान लहान ढीग, एकावर एक. प्रत्येकाच्या पाठीला क्षणभर ऊन लागलेलं, पोटाला नाही.

“या पाट्या आहेत मॅडम,” सर्वेक्षक तांबोळी म्हणाले. “डोक्यावरून आणून ओतलेल्या. साल बहात्तर-त्र्याहत्तर.”

शैलजाबाईंनी पडदा जवळ ओढला. त्यांची आई, कौसाबाई, बहात्तरच्या दुष्काळात याच खिंडीत कामाला होती. ‘आमचा रस्ता’ म्हणायची ती. लहानपणी बस इथून जाऊ लागली की शैलजाला त्या दोन शब्दांची लाज वाटायची. सगळी बस ऐकायची.

नव्या रुंद रस्त्याचं ओझं हा सैल ओतलेला भराव पेलणार नव्हता. तो पूर्ण उकरून पुढच्या ओढ्यावर थराथराने दाबून टाकावा, असं कणवेधने सुचवलं होतं. तेवढ्याने तिथला भराव बरोबर भागत होता. पण उकरलं की ऊन लागणार, आणि त्या कणांमधलं बहात्तर साल कायमचं पुसलं जाणार होतं.

दुपारी त्या तालुक्याला गेल्या आणि आईला गाडीत घालून घेऊन आल्या. पंचाऐंशीच्या कौसाबाईंनी पडदा डोळ्यांजवळ धरला. प्रत्येक खवला म्हणजे एक पाटी, हे समजल्यावर त्या बोलायला लागल्या. आठ गावांच्या पोरी होत्या. दुपारी सुकडी मिळायची, ती झाडाखाली गोल बसून खायची. वडगावची सुंदरा नकला करायची, मुकादमाची तर अशी की मुकादमही हसायचा. तिची आणि कौसाची जोडी होती. एकीने पाटी भरायची, दुसरीच्या डोक्यावर द्यायची.

“दुष्काळ व्हता, खरं हाय. पण इतक्या जणी एका जागी पुन्हा कवा आलोच न्हाई. पाऊस पडला आन् जी ती आपल्या गावाला गेली. सुंदराची पुन्हा गाठ न्हाई.”

भराव वाचवायचा, असं शैलजाबाईंनी मनाशी ठरवलं. त्यांनी आराखड्यात रस्ता थोडा डावीकडे सरकवून पाहिला. भराव वाचला, पण मग ओढ्यासाठी माती बाहेरून आणावी लागणार होती. ती कुठून, असं आईने विचारलं. पिंपरीच्या गायरानातून, असं कळल्यावर कौसाबाईंनी पडदा बाजूला ठेवला.

“म्हंजी आमची माती राखायला त्येंचं रान खणायचं? नगं, बाई. हीच न्या. रस्त्यालाच टाकली व्हती आमी ती.”

खोदाई सुरू झाली त्या दिवशी कौसाबाई हट्टाने आल्या. यंत्राचा पहिला घास वर आला. आतली माती ओलसर, काळसर होती. पडद्यावरचे खवले एकेक करून विझत गेले. शैलजाबाईंना ते बघवेना. कौसाबाईंनी मात्र ओढ्यापाशी जाऊन एक पाटी मागितली. पाटी कुणाकडे नव्हती. शेवटी कामगारांच्या स्वयंपाकातलं घमेलं मिळालं. त्यांनी दोन्ही हातांनी त्यात माती भरली आणि लेकीकडे पाहिलं. शैलजाबाई वाकल्या, एक कड त्यांनी धरली. दोघींनी मिळून ते घमेलं नव्या भरावावर पालथं केलं. रोलरवाला तोवर थांबला होता, मग त्याने आपलं काम पुढे चालू केलं.

काही दिवसांनी तपासणीचा ड्रोन फिरला. ओढ्यावरचा भराव पडद्यावर वहीच्या पानांसारखा सपाट, थरावर थर. फक्त एका जागी लहानसा, दबलेला उंचवटा. कणवेधने त्याभोवती लाल रेघ ओढली होती आणि खाली विचारलं होतं: विसंगत ढीग. कारण?

अशा ठिकाणी ‘मोजमापातली चूक’ असं लिहितात आणि पुढे जातात, असं तांबोळींनी सांगितलं. शैलजाबाईंनी मान हलवली, पण बोटं कळफलकावर तशीच राहिली. आणखी सत्तर वर्षांनी कुणीतरी हा रस्ताही उकरायला येईल. इतक्या सरळ थरांमध्ये हा एवढासा ढीग कसा, असं त्याला वाटेल. त्याच्यासाठी इथे काय लिहून ठेवावं?