विमान उतरायच्या आधी

"मॅडम, उजेड अडवताय माझा!"

पायाखालून आवाज आला आणि पंकजा दचकून मागे सरली. विमानं उभी राहतात त्या फरशीच्या कडेला, केबलच्या चेंबरमधून एक डोकं वर आलं. केसांत माती, गालाला काळं, आणि वर हसतंय!

"बाई गं! माणूस आहे का घूस?"

"घूस असतो तर केबल कुरतडली असती. मी जोडतोय. अजिनाथ... शेवगावचा."

झालं, तिथनं सुरुवात. कोपरगावच्या बाजूचं ते छोटंसं विमानतळ. आजवर विमान उभं राहिलं तरी त्याच्या शेपटीतलं इंजिन तेल जाळत घोंगावत बसायचं, का, तर दिवे आणि एसी चालावेत म्हणून. आता जमिनीतून वीज मिळणार होती, धूर बंद होणार होता. त्यासाठी अजिनाथ केबल जोडायचा. आणि सबस्टेशनात बसून वीज सोडायची न् तोडायची ती पंकजा.

नोकरी तिनं हौसेनं घेतली होती, पण वीज सोडायच्या हँडलला हात लावायची तिला भीती वाटायची. तिचे बजरंगमामा लाईनमन होते. ते खांबावर असताना कुणीतरी वीज सोडली... मामा जिवंत उतरलेच नाहीत. केबलच्या त्या टोकाला कुणी असलं तर? हा विचार तिची पाठ सोडायचा नाही.

म्हणून तर नियम होता. केबलला हात लावणाऱ्यानं आधी सबस्टेशनातल्या पॅनेलला स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे हँडल हलत नाही, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. पंकजाचंही एक कुलूप असायचंच. अजिनाथ कुलूप लावायला यायचा आणि हलायचंच नाव घ्यायचा नाही.

"कामाला नाही का जायचं?"

"जातो की. दोन कुलपं शेजारी लई शोभतात... बघत हुतो."

"चला, निघा!" ती म्हणायची. आणि तो गेल्यावर एकटीच हसायची.

काम संपलं की तो आपलं कुलूप काढायचा, आणि वीज सुरू होईपर्यंत दाराशीच उभा राहायचा. "मी इथं हाय, भिऊ नका," म्हणायचा. पोरीची भीती त्यानं न सांगता ओळखली होती.

मग तो दिवस आला. जमिनीतून वीज घेणारं पहिलं विमान येणार होतं. श्रावणाची भुरभुर चालली होती. अजिनाथनं सकाळीच कुलूप काढून नेलं होतं, पॅनेलवर एकटं पंकजाचं उरलं होतं. वॉकीटॉकीवर साहेब ओरडले, "विमान उतरतंय, सोडा वीज!"

तिनं कुलूप काढलं. हँडलवर हात ठेवला. सवयीनं दाराकडे बघितलं...

दारात कुणी नव्हतं.

चहाला गेला असेल — तिनं मनाला समजावलं. फोन लावला, लागेना. "पंकजा, काय चाललंय?" साहेब पुन्हा ओरडले. नोकरी जाईल, गेली तर गेली! तिनं कुलूप परत लावलं, किल्ली मुठीत घेतली आणि पावसात धावत सुटली.

चेंबरचं झाकण उघडं होतं. आत वाकून बघते तर काय — अजिनाथ खाली बसलेला, केबलचा जॉइंट उघडून ठेवलेला, दोन्ही हात केबलवर!

"अहो! वर या! आधी वर या!"

"अवो, आत पाणी शिरलं का काय वाटलं, म्हणून..."

"आणि कुलूप?"

"तुमचं हुतं की! म्हटलं, पंकजा मॅडमचं कुलूप हाय तोवर मला काय हुतंय."

"मी काढलं होतं ते!" तिचा आवाज फाटला. "हात होता माझा हँडलवर... माझ्या हातून मेला असतात तुम्ही!"

त्याचं हसू विरलं. तो वर आला. पंकजा त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडत राहिली आणि तो मार खात राहिला.

"चुकलो," तो म्हणाला. "लई विश्वास टाकला तुमच्यावर."

"टाकायचा नाही! कुणावरच टाकायचा नाही. माझ्यावर तर... तुम्हाला काही झालं असतं तर मी जगले नसते, कळतंय का?"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला उमगलं.

जॉइंट कोरडा होता. अजिनाथनं आधी पॅनेलला कुलूप लावलं, मगच जॉइंट नीट बंद केला. आपलं कुलूप काढून तो तिच्या शेजारी येऊन थांबला. तिनं एका हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं, आपलं कुलूप काढलं आणि दुसऱ्या हातानं हँडल ओढलं. बाहेर उशिरानं विमानाला केबल जोडली गेली आणि शेपटीतली घरघर थांबली. सगळीकडे शांत झालं. साहेबांची बोलणी नंतर खायचीच होती.

"रविवारी घरी येऊ का? तुमच्या आप्पांना लग्नाचं विचारायला," त्यानं हळूच विचारलं.

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती."

पंकजानं त्याचं मनगट सोडलं नाही. "या," ती म्हणाली. "पण शेवगावातनं निघालात की फोन करा. नेवाशाला थांबलात की करा. गाडी हळू चालवा. आणि फोन उचलला नाहीत ना... तर बघा, मी निघालेच असेन."