आठ ते नऊ बोलणे बंद

दार ढकलून तो आत आला तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि माझ्या ओठांत दोरा होता. सुईत ओवण्याआधी टोक ओलं करायची माझी जुनी सवय.

त्याने डिंक मागितला. मी बाटलीकडे बोट दाखवलं. मग कात्री. मी बोट दाखवलं. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तो टेबलावर वाकला आणि स्वतःच्या वहीचं निखळलेलं पान चिकटवता चिकटवता बोलू लागला. तुमच्या जिन्याच्या सात पायऱ्या सात सुरांत करकरतात, चौथी जरा बेसूर आहे, तिला कुणी दुरुस्त करू नका... एवढं सगळं झाल्यावर त्याने वर बघितलं.

"रागावलात का? न विचारता आत आलो म्हणून?"

मी दाराकडे बोट केलं. तिथे माझी पाटी टांगलेली असते. त्याने ती मोठ्याने वाचली. "आठ ते नऊ बोलणे बंद. काम चालू." मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली, आणि हसला.

"म्हणजे नऊपर्यंत मला गप्प करणारं कुणी नाही."

हा नेम आईचा. ती गेल्यावर मी उचलला. रोज सकाळचा एक तास जिभेवरचा शब्द देवापाशी ठेवायचा. बोलायचं नाही आणि लिहूनही सांगायचं नाही. सात वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. मोडावासा वाटलाही नव्हता.

नऊला पाच कमी असताना तो आला तसाच निघून गेला. नऊ वाजून गेल्यावर आमच्या कलादालनाच्या मोठ्या बाई डोकावल्या. म्हणाल्या, "धरसोड्या येऊन गेला वाटतं? त्याच्या प्रदर्शनाची मांडणी आहे शुक्रवारपर्यंत. पाच दिवस सहन करायचं."

सुई सरळ माझ्या बोटात शिरली.

धरसोड्या हे त्याचं आमच्याकडचं नाव. दोन वर्षं माती केली, मग काच, मग शाई, मग नुसते आवाज साठवले, आणि आता सूत. लोक एखाद्या कामावरून त्याला ओळखू लागले की हा ते सोडून दुसरीकडे. मोठ्या बाईंना ते आवडत नसे. मी मात्र त्याला कधी बघितलं नसलं तरी त्याचं सगळं काम शोधून शोधून बघत आले होते. त्याची मातीची भांडी बघितली तेव्हा मी शिकत होते. घरी परतताना माझा थांबा मागे गेला तरी मला कळलं नाही. त्याचं काम बघितलं की घरी काहीतरी विसरून आल्यासारखं व्हायचं. नळ चालू राहिला का... दाराला कडी लावली का... या हुरहुरीला मी भक्ती समजत होते. फाटके कागद आणि विरलेली कापडं सांधणाऱ्या बाईने याहून वेगळं काय समजावं?

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला तो हजर. तिसऱ्या दिवशीही. स्टुलावर कधी बसला नाही. खिडकीपासून टेबलापर्यंत नि टेबलापासून खिडकीपर्यंत येरझारा, आणि पिशवी खांद्यावरच. बाहेर रिमझिम लागलेली असायची आणि त्याच्या ओल्या बुटांच्या ठशांनी माझी फरशी भरून जायची. तो मला प्रश्न विचारायचा आणि उत्तरंही स्वतःच द्यायचा. "तुम्हाला वाटत असेल, हा माणूस एका जागी टिकत नाही. बरोबर वाटतंय तुम्हाला." मी मान खाली घालून खळ लावत बसायची. हसू आलं तर जास्तच खाली. आणि रोज नऊला पाच कमी असताना तो पळायचा.

मंगळवारी दुपारी जिन्यात गाठ पडली. मी सांगितलं, "चौथी पायरी सांभाळून, ओली आहे."

तो थबकला. "आवाज आहे की तुम्हाला... आणि चांगलाच आहे."

"नऊनंतर असतो."

"म्हणून तर मी आधी पळतो," असं म्हणून तो एकेक पायरी गाळत वर गेला. चौथी पायरी करकरली. मी बराच वेळ तिथेच, कठड्याला धरून.

घरी मावशीने बघितलं, की मी झोपायच्या आधी तिसऱ्यांदा मोरीत जाऊन आले. "नळ बंद आहे गं," ती म्हणाली. "तुझंच काहीतरी उघडं राहिलंय."

बुधवारी त्याने सुताच्या कामाचा विषय काढला.

ते काम गेल्या आठवड्यातच खोक्यातून आलं होतं. दाराएवढी लाकडी चौकट, तिच्यात आडवे ताणलेले हजारो पांढरे धागे, आणि मधोमध एक राखाडी धागा हातभर लोंबणारा. उघडलं तेव्हा खोलीत मी एकटीच होते. नियम असा, की कलावंताला विचारल्याशिवाय टाकासुद्धा घालायचा नाही. तो नियम मीच नव्या लोकांना शिकवते. पण ते टोक लोंबत होतं, आणि मला बघवेना. मी शेजारच्या धाग्याला त्याची गाठ मारली. विणकरांची बारीक, पक्की गाठ, कापल्याशिवाय न सुटणारी. मग दिवसभर मला किती शांत वाटलं...

"त्या हजारो धाग्यांत माझं काम फक्त एकच आहे," तो खिडकीशी उभा राहून म्हणाला. "ते मोकळं टोक. कुणी दार उघडलं की ते हलतं. तेवढंच. बाकी सगळी त्याची तयारी."

घड्याळात साडेआठ झाले होते. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो काचेवर ओघळणाऱ्या थेंबांकडे. अर्धा तास. तो एकामागून एक गोष्टी सांगत राहिला आणि त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. देवा, आजच्यापुरतं... असं मनात आलं, नि ते तिथेच दाबलं. आणि पाच कमी नऊला तो पळालाच.

दिवसभर मी त्याच्या मागावर. गच्चीवर गेले तर तो पन्हाळीतल्या पाण्याचा आवाज टिपून खाली उतरलेला. तळघरात गेले तर काचा मोजून वर गेलेला. दुपारी चारला तो मला मोठ्या दालनात सापडला, त्याच चौकटीसमोरून जाताना.

मी जागच्या जागी सांगितलं, "हे टोक मी बांधलं. गेल्या शुक्रवारी. कुणाला विचारलं नाही."

त्याने चौकटीकडे बघितलं. मग जवळ जाऊन बघितलं.

"मी सोमवारपासून सहा वेळा इथून गेलो," तो हळूच म्हणाला. "मला दिसलं नाही."

"धागा तुटलाय असं वाटलं म्हणून बांधलं, असं मला सांगता आलं असतं. तसं नव्हतं. तुमचं काम बघून मला दोन घटका चैन पडत नाही... इतकी वर्षं पडलेली नाही. ते टोक बघवेना, म्हणून बांधलं. तुम्ही बाईंना सांगा. माझं काम गेलं तर ते बरोबरच होईल."

त्याचं बोट त्या गाठीवर फिरत राहिलं. मी पाठ वळवली तेव्हाही.

गुरुवारी आठ वाजले. जिना वाजला नाही. त्या तासाएवढं मौन मी आजवर पाळलं नव्हतं. शुक्रवारी प्रदर्शन उघडलं. मी गर्दीत मागे उभी राहिले. बाईंनी मला बोलावलं नाही, म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. चौकटीतला राखाडी धागा होता तिथेच होता, बांधलेला. लोक वाकून बघत होते, आणि तो कुठेच नव्हता. कुणीसं म्हणालं, उद्या सकाळी नऊच्या आत त्याला न्यायला गाडी येतेय, पुढचं काहीतरी लाखेचं करणार आहे म्हणे.

शनिवारी मी देवासमोर बसले तेव्हा काय मागावं ते सुचेना. काही न मागता उठले आणि कामावर आले. पाटी टांगली. जुन्या नकाशाची घडी सांधायला घेतली.

नऊला सतरा मिनिटं कमी असताना चौथी पायरी करकरली.

तो दारात उभा राहिला. केस ओले, पिशवी खांद्यावर.

"ती गाठ मी तशीच ठेवली आहे," तो म्हणाला. "दोन रात्री तिच्यासमोर बसून होतो... म्हणजे, फेऱ्या मारत होतो. लोकांना मी सांगतो, मोकळं टोक म्हणजे मोकळीक. ते खोटं आहे. मला शेवटी उठून जायची घाई असते, तेवढंच. मातीतही तेच, काचेतही तेच. ते तुम्हाला बोचत होतं आणि मला कळतसुद्धा नव्हतं."

खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"लाख इथेही मिळते," तो म्हणाला. "मी थांबू का?"

मान हलवायला नेमाची आडकाठी नव्हती. डिंकाच्या बाटलीकडे मी बोट दाखवलंच होतं की. पण माझी हनुवटी जराशी उचलली जाताच त्याने हात पुढे केला.

"मान नको. मला ऐकायचंय."

आणि तो स्टुलावर बसला.

पहिल्यांदाच बसला तो. बसणं त्याला जमत नव्हतं. एक गुडघा सारखा हलत होता, बोटं पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मला सुईचं छिद्र दिसेना. नऊला दहा कमी. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. त्याने दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. पाच कमी झाले, त्याच्या पळायची वेळ. तो हलला... आणि स्टूल टेबलाजवळ ओढून घेऊन पुन्हा बसला. खाली गाडीचं दार आपटलं, इंजिन घरघरलं आणि आवाज वळणावर विरून गेला.

आम्ही दोघंही मिनिटकाट्याकडे बघत होतो. कधीतरी त्याचा गुडघा थांबला. मी सुई सुयांच्या गादीत खोवली.

नऊ वाजले.

मी उठले, पाटी काढली आणि म्हणाले,

"पिशवी खाली ठेवा."