कागदावरचा पूल

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली.

आणि मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत. केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या काड्या किती दिल्या हेही विचारलं तर सांगतील, असं अलकामामी म्हणते.

तारीख २१ सप्टेंबर २०२३. गुरुवार. त्या दिवशी घरी गौरी यायच्या होत्या, म्हणून ती विसरणं शक्य नाही.

वेळ रात्रीची नव्हती. संध्याकाळचे सहा वाजत होते. चांगला उजेड होता.

विनायकमामा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. काम म्हणजे लहान शहरांमधल्या सोयींची नोंद. नळाला पाणी किती तास येतं, शाळा किती, बँक आहे का, दवाखाना किती लांब, रस्त्यावर दिवे आहेत की नुसते खांब... असा आठ पानी फॉर्म.

त्या गावाचं खरं नाव मी सांगत नाही. आपण नगला घाट म्हणू. यमुनेच्या काठावरचं छोटं शहर. समोरच्या काठावरून पानिपतचा रस्ता. इथली निम्मी माणसं तिकडच्या कांबळ्यांच्या कारखान्यांत कामाला जातात. मोठं हॉस्पिटलही तिकडेच.

मामा तिथे पहिल्यांदा गेले होते फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेव्हा नदीवर पूल होता. लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्या टाकलेला. त्यावरून ट्रॅक्टर जात होते, म्हशी जात होत्या. मामांनी फॉर्मवर लिहिलं, 'पूल : आहे. बारमाही.'

मामा साताऱ्याचे. आपल्याकडे पूल एकदा बांधला की बांधला. पिंपांचा पूल दर जूनमध्ये सोडवून काठावर ओढून ठेवतात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोडतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्यांनी कोणाला विचारलं नाही. चूक एवढीच.

पुढच्या वर्षी नगला घाटने पावसाळ्यासाठी सरकारकडे मोटरबोट मागितली. अर्ज परत आला. 'नोंदीनुसार येथे बारमाही पूल उपलब्ध आहे.'

मग तक्रार झाली, आणि साहेबांनी मामांनाच फेरतपासणीला पाठवलं.

"आजच जायला हवं का? गौरी यायच्या आहेत," मामी म्हणाली.

"अगं, सात-आठपर्यंत येतो. बिल्कुल उशीर नाही करणार."

दिवसभर मामा नगरपंचायतीच्या कारकुनाबरोबर फिरले. पाण्याची टाकी पाहिली, शाळा पाहिल्या. कारकून नीट बोलत होता, पण पुलाचा विषय निघाला की दुसरीकडे बघत होता. पाच वाजता तो घरी गेला. मामा एकटेच घाटावर आले.

पूल नव्हता.

गंजलेली पिंपं काठावर ओळीने पडली होती. समोर नुसतं पाणी. गढूळ, रुंद, वाहतं.

मामा एका पिंपावर बसले. मांडीवर जुना फॉर्म घेतला. बराच वेळ ते आपलंच अक्षर बघत राहिले.

"आप दफ़्तर से आए हैं?"

मामांनी वर पाहिलं. एक तरुण बाई उभी होती. दिवस भरलेले. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात दवाखान्याचं कार्ड. घाटावर घोटाभर चिखल होता...

तिच्या चपला मात्र कोरड्या होत्या.

तेव्हा मामांना त्यात काही वाटलं नाही.

"पुल बारहों महीने है ना?" तिने विचारलं.

मामांना लाज वाटली. ते पुटपुटले, "काग़ज़ में तो है।"

"बस, फिर ठीक है," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. ती पिंपांच्या मागून खाली, पाण्याच्या दिशेने गेली. तिकडे बायकांचा घाट असेल असं समजून मामांनी तिकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने एक म्हातारा आला आणि दोन पिंपं सोडून बसला. त्याने विडी काढली, पण पेटवली नाही. नाव रामफल. नावाडी. मामांच्या मांडीवरचे कागद पाहून तो स्वतःहूनच बोलू लागला.

जुलैमध्ये नदीला पूर आला होता. या बाजूचा रस्ताही पाण्याखाली गेला. त्याच संध्याकाळी त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मोनिका तिचं नाव. रामफलने तिला आपल्या वल्ह्याच्या नावेत घातलं. भर प्रवाहात नाव पुढेही जाईना, मागेही येईना. तासभर तो वल्ही मारत राहिला.

"बीच धार में ही चली गई," रामफल म्हणाला. "बच्चा भी।"



"हमारे यहाँ मज़ाक चलता था, साहब। जिसको जल्दी हो, काग़ज़ वाले पुल से चला जाए। वो भी हँसती थी।"

मामांना आठवली मघाची बाई, तिच्या हातातलं कार्ड... त्यांना विचारायचं होतं की तुझी सून कशी दिसायची. पण विचारलं नाही. 'ते मी लिहिलं होतं' हे सांगायचं होतं. तेही जमलं नाही.

आणि तेवढ्यात...

ठक.

लाकडी फळीवर पाय पडावा तसा आवाज.

ठक... ठक...

मामांनी मान वळवली. काठावर कोणी नव्हतं. आवाज पाण्यावरून येत होता. सावकाश, जपून टाकलेली पावलं. जड बाई चालते तशी.

ठक... ठक... ठक...

पाण्यावर काही नव्हतं. फळी नाही, पिंप नाही. आवाज मात्र काठापासून दूर दूर चालला होता.

मामांनी रामफलकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. ऐकत होता.

 मामांना एकच सुचलं. हे आपल्या चुकीमुळे चाललंय. ती सुटत नाहीये, कारण आपण लिहिलेलं खोटं अजून तसंच आहे. ते दुरुस्त केलं पाहिजे. आत्ताच्या आत्ता.

खात्याचा नियम ठरलेला आहे. खोडायचं तर एक सरळ रेघ, वर नवी नोंद, बाजूला सही आणि तारीख. मामांनी पेन काढलं. 'बारमाही' वर रेघ मारली. वर लिहिलं, 'जून ते ऑक्टोबर पूल नसतो.' सही केली.

आवाज थांबला.

एकदम. नदीच्या मध्यावर.

मामांनी श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं. सुटली बिचारी, असं त्यांना वाटलं. मनातल्या मनात त्यांनी हात जोडले.

शेजारी रामफल डोळे उघडून उठून उभा राहिला होता.

"आज रुक क्यों गई?"

मामांना कळलं नाही.

"रोज़ तो पार पहुँचती है, साहब," रामफल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दो महीने से, रोज़ शाम को। मैं यहीं बैठकर सुनता हूँ। उस किनारे तक जाती है, फिर मैं घर जाता हूँ। आज बीच में क्यों रुक गई?"

मामांच्या हातात अजून उघडं पेन होतं.

रामफल चिखल तुडवत नावेकडे धावला. दोरी सोडली. मोनिकाला हाका मारत तो मध्यापर्यंत गेला. अंधार पडेपर्यंत काठावर त्याच्या हाका ऐकू येत होत्या. मामा तिथेच उभे होते. 

घरी पोहोचायला साडेदहा झाले. गौरी कधीच आल्या होत्या. दारापासून आतपर्यंत मामीने कुंकवाची पावलं काढली होती. मामा दारातच थांबले. त्यांना त्या पावलांवरून आत येववेना. मामीला वाटलं तब्येत बिघडली.

दुरुस्त नोंद वर गेली. पुढच्या पावसाळ्याआधी नगला घाटला मोटरबोट मिळाली. त्या वर्षी दोन बायकांना वेळेवर पलीकडे नेता आलं. दोघीही बाळांसह सुखरूप घरी आल्या. बोट रामफलच चालवतो.

म्हणजे मामांनी केलं ते बरोबरच होतं. मी त्यांना हे शंभर वेळा सांगितलंय. तेही मान हलवतात.

पण मी अभ्यासासाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा एक गोष्ट पाहिली, आणि मामांनी मग हे सगळं मला सांगितलं. त्यांच्या टेबलाच्या खणात त्या फॉर्मची झेरॉक्स आहे. रोज संध्याकाळी सहाच्या आधी ते ती बाहेर काढतात आणि पुलाच्या रकान्यात लिहितात, 'बारमाही'. खाली सही, तारीख. ज्या माणसाने उभ्या नोकरीत जाणूनबुजून एक खोटा आकडा लिहिला नाही, तो हे रोज लिहितो. त्या रकान्यात आता जागा उरलेली नाही. अक्षरावर अक्षर बसून नुसता काळा डाग झालाय.

मग ते रामफलला फोन लावतात. आपण कोण, हे त्यांनी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी ते त्या दिवशी घाटावर भेटलेले एक साहेब आहेत, एवढंच.

काल मी शेजारच्या खोलीत होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून नदीवरचा वारा ऐकू येत होता.

"रामफलजी, आज कुछ सुनाई दिया?"



"नहीं, साहब। आप रोज़ क्यों पूछते हो?"