चांगलं ऑइल बदलणारा मुलगा

तो पहिल्यांदा आमच्या गॅरेजसमोर थांबला तेव्हा त्याच्या बाइकला काहीच झालेलं नव्हतं. मला संशय तिथूनच आला.

म्हणजे बघा, रहाटणीच्या आमच्या गल्लीत गाडी घेऊन येणारा माणूस एकतर ढकलत येतो, नाहीतर शिव्या देत येतो. हा हसत आला. मार्चमधला शुक्रवार, दोन वाजत आलेले, पत्रा उन्हानं तडतडत होता आणि अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. दर शुक्रवारी तो पाऊण तास गॅरेज माझं असतं. तशी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉमर्सला. पण ड्रेन नट कुठल्या पान्यानं खोलायचा हे मला बॅलन्स शीटपेक्षा चांगलं कळतं. गल्लीतल्या बायकांना ते आवडत नाही. मला फार आवडतं.

“ऑइल चेंज करायचंय,” तो म्हणाला.

“अब्बा नमाजला गेलेत. अडीचला येतील.”

“तुम्ही नाही करत?”

असं कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, कुणी माणूस नाहीये का इथे? म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्मा, पाठीला सॅक, खिशातून डोकावणारी घडी केलेली पांढरी टोपी... आणि अत्तराचा वास. खसचा. पेट्रोल आणि ग्रीसच्या आमच्या हवेत तो वास असा काही आत आला की — जाऊ दे.

“तुम्ही नाही गेलात जुम्म्याला?”

“करून आलो. निगडीला आमच्याकडे सव्वा वाजताच जमात उभी राहते नमाजला. तुमच्या इथे दोनची ना?”

“आमच्या जमातीची वेळ बरी माहितीये तुम्हाला.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी नट खोलला. ट्रेमध्ये ऑइल उतरलं आणि मी बघतच राहिले. मधासारखं, आरपार दिसावं इतकं स्वच्छ. अब्बांची एक जुनी पद्धत आहे, वर्तमानपत्रावर थेंब टाकायची. ऑइल संपलेलं असलं की मधोमध काळा ठिपका घट्ट बसतो, चांगलं असलं की डाग नुसता पसरून फिका होतो. मी थेंब टाकला. ठिपक्याचं नाव नाही.

“हे अजून दोन हजार किलोमीटर आरामात चालेल,” मी म्हणाले.

“तरी बदला.”

“का?”

“असंच. इंजिनाला जपावं ना माणसानं...” मग जरा थांबून, बुटाच्या टोकानं जमीन उकरत, “एक विचारू? हे जुनं ऑइल जातं कुठे?”

माझा हात थांबला. माझ्या एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलेलं मला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकाला नवीन ऑइलची काळजी असते. जुन्याकडे तो ढुंकून बघत नाही.

“जातं,” मी म्हणाले.

“कुठे?”

“जिथे जायचं तिथे. नाव सांगा, रजिस्टरला लिहायचंय.”

शादाब मुजावर. निगडी, प्राधिकरण. मी किलोमीटरही लिहून घेतले, खाली ‘आरफा’ अशी सही केली. लिहिताना त्याची सावली माझ्या रजिस्टरवर पडली होती आणि ती हलायला तयार नव्हती.

दोन आठवड्यांनी परत शुक्रवार, परत दोनचा सुमार, परत हाच. मी मीटर बघितलं.

“एकशे साठ किलोमीटर चालवलीत गाडी. एकशे साठ.”

“आवाज येत होता.”

“कसला?”

“गाडीचा.”

“गाडीचा आवाज येतोच. नाही आला तर घेऊन यायची.”

तो हसला. डाव्या गालावर खळी पडते त्याच्या, एकाच गालावर, आणि मला त्या अर्धवटपणाचाही संशय आला. मी नट खोलेपर्यंत हा मागच्या बाजूला गेला. वळून बघते तर फोन काढून फोटो काढतोय. तिकडे काय होतं? आमच्या जळक्या ऑइलचं पिंप.

“फोटो कशाचा?”

“मांजराचा.”

पिंपावर मांजर खरंच झोपलं होतं. पण फोटोत ते जेमतेम कोपऱ्यात आलं असणार, हे मला इथूनही कळत होतं.

तो गेल्यावर मी शेजारच्या करिष्माच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन बसले. तिला सांगितलं, खसचं अत्तर लावून एक मुलगा येतो आणि चांगलं ऑइल बदलून जातो. तिनं नाव विचारलं, अंगठा सरसर फिरवला आणि फोन माझ्यासमोर धरला.

“हाच का तुझा खसवाला?”

“माझा नाहीये तो.”

“बरं बाई, गल्लीचा.”

व्हिडिओत काळेवाडीच्या पुलावर दहा-बारा मुलं उभी होती. मागे पंधरा फुटी फ्लेक्स, ‘नदीसाथ’. मधोमध शादाब, हातात माइक. “या शहरातली गॅरेजं रोज पवनेचा गळा घोटतायत,” तो म्हणत होता. “तेलाची ही सवय आपल्याला सोडावीच लागेल.” खाली लिहिलं होतं, दोषी गॅरेजची यादी लवकरच महापालिकेला देणार, सील करायची मागणी करणार.

अब्बा चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं लाइनवर होते. लाइन बंद झाली तेव्हा हातात जे आलं त्यातून हे गॅरेज उभं राहिलं. सील लागलं तर आम्ही करणार काय? आणि खरं सांगू, त्याहूनही आधी मला वाटलं ते हे... खळी, अत्तर, ‘तुम्ही नाही करत?’... ते सगळं पिंपासाठी होतं.

पुढच्या शुक्रवारी तो आला. मी पाना हातात घेऊनच उभी होते.

“बसा,” मी म्हणाले. “आज तुमची सर्व्हिसिंग.”

“माझी?”

“बुटाचा सोल कशाचा? तेलाचा. सॅक? तेलाची. चष्म्याची फ्रेम, फोनचं कव्हर, सगळं तेलातून आलेलं. ओठाला लावलंय ना ते, त्याच्या डबीवर तर नावातच पेट्रोलियम आहे. पुलावरचा फ्लेक्स प्लास्टिकचा. आणि निगडीहून इथे गळा घोटणारे बघायला आलात ते काय टाकीत हवा भरून? अब्बा काय करतात तुमचे?”

तो अगदी हळू म्हणाला, “चाकणला युनिट आहे. बंपर बनवतात गाड्यांचे.”

“प्लास्टिकचे.”

“प्लास्टिकचे.”

“वा.”

“तुमच्या बांगड्यासुद्धा प्लास्टिकच्या आहेत,” तो म्हणाला.

“आहेत ना. पण त्या घालून मी पुलावर भाषण नाही करत.”

वाटलं, आता हा चिडेल, किक मारेल, जाईल. तो स्टुलावर बसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे एकदम लहान मुलासारखे दिसत होते. मी मुद्दाम पंक्चरच्या टबाकडे बघितलं.

“पहिल्यांदा आलो ते यादीसाठीच,” तो म्हणाला. “खोटं नाही बोलणार. जमातीची वेळसुद्धा काढली होती, मालक नसताना बघता येईल म्हणून.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा... फोटो राहिला होता.”

“आणि आज?”

त्यानं सॅकमधून घडी केलेला कागद काढला. तेवीस गॅरेजची नावं. सतराव्या नंबरवर आमचं, आणि त्यावर पेनानं एवढी जाड रेघ की कागद फाटायला आलेला. “हे दाखवायला,” तो म्हणाला. “सोमवारी यादी जाणार. तुमचं नाव मी काढलंय.”

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. माझं मात्र डोकं सणकलं.

“आमचं ऑइल कुठे जातं, कळलं तुला?” केव्हा ‘तू’वर आले, मलाही कळलं नाही.

“नाही.”

“म्हणजे ते नदीत जात असलं तरी तू नाव काढलंस.”

“तुझ्यासाठी काढलं, आरफा.”

“आज माझ्यासाठी खोडलंस. उद्या दुसरी कुणी आवडली की तिच्यासाठी माझं लिहिशील. असल्या पेनाचा काय भरवसा?”

मग मीच सांगितलं. नदीत नाही जात. सोपानराव सेंट्रिंगवाले महिन्याला येऊन नेतात. स्लॅब टाकताना प्लेटांना फासतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. शादाबनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मग स्लॅबवर पाणी मारतात तेव्हा?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पाणी खाली उतरतं, मातीत मुरतं, गटारात जातं... आणि गटारं कुठे जातात हे रहाटणीत कुणी कुणाला सांगायला नको.

“नाव परत लिही,” मी म्हणाले.

“सील लागेल, वेडे.”

“लिही. पण असं लिही, की ऑइल सेंट्रिंगला जातं, आणि हे मालकाच्या मुलीनं स्वतः सांगितलं.”

“कुणाच्या मुलीनं काय सांगितलं?”

अब्बा. डोक्यावर टोपी, हातात केळ्यांची पिशवी, आणि नजर थेट शादाबच्या हातातल्या कागदावर. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, खोडलेल्या नावासकट. अब्बांनी पिशवी खुंटीला अडकवली. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढला नाही.

“तुमचं काम सोपं आहे बेटा,” ते शादाबला म्हणाले. “पेट्रोल जाळत यायचं, नदी शिकवायची, परत पेट्रोल जाळत जायचं. परवानेवाला ऑइल नेतो, मला काय ठाऊक नाही? चाकणच्या पुढे जुनं ऑइल शुद्ध करायचा त्याचा प्लांट आहे. पण पिंप भरल्याशिवाय तो गाडी पाठवत नाही. आमचं पिंप भरायला पाच महिने लागतात. तोवर ठेवू कुठे, उशाला? आजवर तुमच्यातल्या एकानं तरी हे विचारलं?”

“नाही विचारलं, चाचा.”

“मग यादी कसली केली?”

शादाबनं मान खाली घातली. आणि मला — मी अजून रागात होते तरी — मला ते आवडलं. वाद घालता आला असता त्याला. पुलावर कसा बोलत होता.

“या तेवीस जणांनी मिळून एक पिंप भरलं तर?” मी म्हणाले. “आठवड्यात भरेल.”

“त्यांना सांगणार कोण?” अब्बा म्हणाले. “माझं ऐकणार नाहीत, धंद्यातला आहे. तुझंही नाही.”

आम्ही दोघांनी एकदम शादाबकडे बघितलं. अब्बांनी त्याला एक केळं दिलं, आणि वर सांगितलं, “पुढच्या जुम्म्याला इथे दोनच्या जमातीला यायचं. माझ्या शेजारी बसायचं.” आमचा पाऊण तास तिथे संपला.

सोमवारी यादी गेली, आमच्या नावासकट. बुधवारी नोटीस आली. पंधरा दिवसांत जळक्या ऑइलची सोय दाखवा, नाहीतर सील. अम्मी दोन दिवस जेवली नाही. आणि शादाब रोज कॉलेज सुटलं की वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन गल्ल्या पालथ्या घालायला लागला. काळेवाडीत त्याला एकानं हाकललं, एकानं चहा पाजून हाकललं. कोंडाजी टायरवाल्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “व्हय, पण तुला यात मिळतंय काय?” त्याला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी मला हे सांगताना मात्र तो जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि मी विनाकारण कॅनची झाकणं मोजायला घेतली.

तरी माझा संशय जात नव्हता. हे सगळं तो नंतर पुलावर सांगेल. रील करेल. ‘मी गॅरेजवाल्यांना सुधारलं.’ मी रोज करिष्माच्या फोनवर ‘नदीसाथ’ उघडून बघायचे. काहीच नाही. त्याचा चेहराच कुठे नाही.

बाराव्या दिवशी करिष्मा म्हणाली, “अगं, त्याला ग्रुपमधून काढलंय. कधीच. माझ्या चुलतभावाच्या ओळखीतला एकजण आहे त्यात. म्हणे, गॅरेजवाल्यांना फितूर झाला. तुला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. रोज भेटत होता आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

चौदाव्या दिवशी पिंप भरलं. तेवीसपैकी सोळा जणांचं ऑइल होतं त्यात. सकाळी परवानेवाल्याचा टेम्पो आला, पिंप चढवताना अब्बा, शादाब आणि मी तिघेही कोपरापर्यंत काळे झालो. ड्रायव्हरनं पावती दिली. अब्बांनी ती दोन बोटांच्या टोकांत धरली आणि तसेच, हात न धुता, नोटिशीसोबत लावायला आत गेले.

टेम्पो वळला. गल्लीत आम्ही दोघंच.

“ग्रुपमधून काढलं ते सांगितलं का नाहीस?”

तो चपापला. “सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, उपकार दाखवतोय. आधीच तुला माझ्या प्रत्येक गोष्टीचा...”

“संशय बरोबरच येतो मला. वाईट वाटतंय का? त्यांच्याबद्दल.”

“वाटतं. ते चुकीचं काही मागत नाहीयेत, आरफा. नदी खरंच मरतेय.” तो थांबला. “फक्त इथे येऊन कुणी विचारत नाही.”

“तू आलास की.”

“मी कागद घेऊन आलो होतो.”

त्याच्या चष्म्याच्या काचेवर काळा शिंतोडा उडाला होता, आणि पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून तो तसाच एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. मी किती दिवस तयारी करत होते, काय काय विचारायचं, कसं पेचात पकडायचं. एकही प्रश्न आठवेना. मग जे उरलं होतं तेच बोलले.

“तू मला आवडतोस. आणि हे मी तुझ्याआधी बोलले, लक्षात ठेव.”

त्यानं खांद्यानं चष्मा पुसायला बघितलं, शिंतोडा नुसता पसरला.

“कोंडाजींना उत्तर सांगून येऊ का?” तो म्हणाला.

“आधी मला सांग.”

त्यानं सांगितलं. ते इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. हात दोघांचेही काळेकुट्ट, धरता येईनात. म्हणून त्यानं जरा वाकून कोपर पुढे केलं, आणि मी माझं कोपर त्याला टेकवलं. तसेच उभे राहिलो, भर गल्लीत, आतून अब्बांनी उगाचच एक मोठा पाना जमिनीवर टाकेपर्यंत.