लाल्याच्या वाटणीची गोळी

खोटं वाटेल त्यानं वाचू नये. पण हे इब्राहिमनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता.

साल १९७४. श्रावणातली भर दुपार. जागा, पिंपरीतली एक प्रयोगशाळा.

इब्राहिम तिथं कुत्री सांभाळायचा. डॉक्टर सुमनताई एका कुत्र्याचं फुप्फुस दुसऱ्याला बसवायच्या. अंगातल्या पांढऱ्या पेशी नव्या फुप्फुसाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून ताई रोज रक्त काढून त्या पेशी मोजायच्या. नवं फुप्फुस बसवलेल्या लाल्याला रोज दुपारी एक गोळी असायची, इब्राहिमच्या हातानं, भाकरीत घालून.

आणि घरी कुरुळीत त्याची बायको परवीन क्षयानं अंथरुणाला खिळलेली. सरकारी दवाखान्याच्या औषधानं जरा उतार पडत होता. पण याला कुठला धीर!

फुप्फुसाचंच औषध आहे... कुत्र्याला चालतं, तर माणसाला का नाही?

गोळी खिशात गेली. लाल्याला नुसती भाकरी.

"ताईंनी दिलीय, घे गं," तो म्हणायचा. ती बिचारी डोळे मिटून गिळायची.

नवव्या दिवशी लाल्या मेला.

"पेशी एवढ्या कशा वाढल्या रे? गोळी देत होतास ना?"

"हो ताई."

महिन्याभरात परवीनही गेली.

चाळिसावा उरकून इब्राहिम कामावर आला. लाल्याच्या पिंजऱ्यापाशी पोचला, आणि...

खोकला.

परवीनचा. नवरा ओळखणार नाही होय?

पिंजरा रिकामा. बाहेरून कुलूप.

तेवढ्यात मागून सुमनताई आल्या. "इब्राहिम, आत कोण बाई आहे? फार आजारी वाटतेय."

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं!

रडत रडत त्यानं सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाल्या, "अरे, काय केलंस हे! ती गोळी फुप्फुस बरं करायची नव्हती रे. रोगाशी लढणाऱ्या पेशीच ती मारते. लाल्या तिच्यावाचून मेला, आणि परवीन..."

खोकला थांबला.

मग पिंजऱ्यातून, अगदी मायेनं...

"अहो, आजची गोळी राहिली ना?"

इब्राहिमनं त्याच दिवशी नोकरी सोडली. काय उपयोग? दुपार काय फक्त पिंपरीतच होते? कुरुळीच्या घरातही ती रोज मागायची. "नको मागू गं," म्हणून तो हात जोडायचा.

हे सगळं त्यानं त्याच घरात बसून सांगितलं. ऐकणारा मी दुपारचे बारा वाजायच्या आत उठून आलो. तो मात्र तिथंच बसून राहिला.